बोलता येईल इतक्या वेगानं

माझे वडील बावन्नाव्या वर्षी गेले. नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये त्यांची नोकरी होती. आधी सायकल, मग बजाजची स्कूटर. स्कूटर आली आणि सायकल जिन्याखाली गेली ती गेलीच. एका पहाटे छातीत कळ आली आणि संध्याकाळपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी तेव्हा कॉलेजात होते. त्यानंतर बावन्न हा आकडा आमच्या घरात कुणी मोठ्यानं उच्चारला नाही. थोरल्या भावाला बावन्नावं लागलं तेव्हा आईनं त्र्यंबकेश्वराला अभिषेक केला. मला लागलं तेव्हा आई नव्हती, मी ऑकलंडमध्ये होते, आणि माउंट अल्बर्टच्या आमच्या घराचा जिना चढताना लागणारी धाप मला एकटीलाच ऐकू येत होती.

ही भीती नुसती मनाची नव्हती. 'इंटरहार्ट' नावाचा 52 देशांतला एक मोठा अभ्यास आहे. त्यातली दक्षिण आशियाई माणसं वेगळी काढून तपासली, तेव्हा पहिला झटका येण्याचं मधलं वय 53 निघालं. बाकीच्यांचं जवळपास 59. म्हणजे आपण भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी या बाबतीत जगाच्या पाच-सहा वर्षं पुढे धावतोय. परदेशात आलो, घर घेतलं, मुलं मार्गी लागली, पण रक्तातून जे आलं ते विमानतळावर कुणी काढून ठेवत नाही.

मी आज जी काही आहे, म्हणजे न थांबता पाच-सहा तास सायकल चालवू शकणारी, चढावर शांतपणे श्वास घेणारी बाई, ती दोन माणसांच्या देण्यावर उभी आहे. एक माणूस मी कधी पाहिला नाही. दुसरं माणूस आमच्या कुंपणापलीकडे राहत होतं.

कुंपणापलीकडच्या त्या बाईंना माझी मुलं पोस्टीआजी म्हणायची. न्यूझीलंडमध्ये टपाल वाटणाऱ्याला सगळे 'पोस्टी' म्हणतात. बाईंनी उभी हयात सायकलवरून टपाल वाटलं होतं, पाऊस असो वा वारा, आणि ऑकलंडला या दोन्हींची कमी नाही. निवृत्त झाल्या तरी सकाळी साडेपाचला त्यांच्या गॅरेजचं दार वर सरकल्याचा आवाज यायचा. उंच, हाडापेरानं मजबूत, नडग्यांवर उन्हानं पडलेले तपकिरी ठिपके, पायांत वर्षभर तीच एक चपलांची जोडी. बोलणं मोजकं. आमच्या नात्याची सुरुवात फेजोआनं झाली. एप्रिल-मे महिन्यांत इथे ज्याच्या अंगणात फेजोआचं झाड असतं त्याच्या घरात ती हिरवी फळं मावत नाहीत. माणसं पिशव्या भरभरून शेजाऱ्यांच्या दारात ठेवतात. त्या पिशव्या ठेवायच्या, मी डब्यातून काहीतरी परत पाठवायची, कारण रिकामा डबा द्यायचा नाही ही आईची शिकवण. असं बरीच वर्षं चाललं होतं.

2018 च्या शरद ऋतूत आमच्या ऑफिसातल्या मंडळींनी टाउपोला जायचा घाट घातला. उत्तर बेटाच्या मध्यावर टाउपो नावाचं प्रचंड सरोवर आहे, ज्वालामुखीच्या स्फोटानं झालेलं. नोव्हेंबरच्या अखेरीस त्याच्याभोवती सायकलस्वारांची 160 किलोमीटरची फेरी निघते. 1977 पासूनची ही प्रथा. हजारो माणसं येतात, शर्यत करणारे थोडे आणि नुसतं पूर्ण करायला आलेलेच जास्त. मी सायकल विकत घेतली होती, हेल्मेट घेतलं होतं (इथे 1994 पासून ते सक्तीचं आहे), आणि नाशकात तासावर भाड्याची सायकल घेऊन शिकलेले पाय अजून पॅडल विसरले नव्हते. फेजोआची पिशवी घेताना मी आजींना विचारलं, नोव्हेंबरात टाउपो जमेल का मला?

त्यांनी मला नखशिखान्त पाहिलं आणि विचारलं, "कुठल्या वर्षीच्या नोव्हेंबरात?"

मग म्हणाल्या, पुढच्या. यंदा पाया, पुढच्या वर्षी टाउपो. शनिवारी सहाला फाटकाशी ये.

आमच्या घरापासून जवळच ॲलन वुड रिझर्व्ह आहे. तिथून ओढ्याच्या काठाकाठानं वॉटरव्ह्यूचा सायकलमार्ग जातो आणि पुढे नॉर्थवेस्टर्नच्या मोठ्या मार्गाला मिळतो. तिथून खाडीवरचा बांध लागतो. एका बाजूला हमरस्त्यावरची वाहनं, दुसऱ्या बाजूला तिवरांचं बेट आणि ओहोटीत उघडा पडणारा चिखल. समोर टे अटाटू. रस्ता जवळजवळ सपाट, पण पश्चिमेचा वारा उलटा लागला की सपाट रस्ताही चढ होतो. माझी सारी शाळा या बांधावर झाली.

पहिल्याच दिवशी त्यांनी नियम सांगितला, आणि दुसरा नियम पुढे कधी सांगितलाच नाही. चालवताना बोलता आलं पाहिजे. तुटक शब्दांत नव्हे, पूर्ण वाक्यांत. वाक्याच्या मध्ये श्वास घ्यावा लागला तर वेग कमी करायचा. मग विचारलं, तुम्हा लोकांचं असं काही पाठ असतं का जे न थांबता म्हणता येईल? इंग्रजी नको, इंग्रजी बोलताना तू विचार करतेस.

मी सतराचा पाढा म्हटला. सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस, सतरा त्रिक एक्कावन्न, सतरा चोक अडुसष्ट. शाळेत संध्याकाळी परवचा म्हणताना जशी लय लागायची तीच लय पॅडलला लागली. पाढा दहापर्यंत सलग गेला तर वेग बरोबर. सतरा सातीपाशी दम तुटला तर जास्त. आजी पाढ्यातलं एक अक्षर समजत नसतानाही तुटलेला श्वास बरोबर पकडायच्या. नुसता हात खाली करून खूण करायच्या, आणि मी गिअर उतरवायची. वॉटरव्ह्यूच्या पुलाच्या चढावर तर पहिले काही महिने उतरून सायकल ढकलत न्यायची. आजूबाजूनं माणसं भराभर वर जायची. आजीही उतरायच्या.

हे त्यांचं उतरणं मला आजही आठवतं, आणि ऋण म्हणतात ते नेमकं इथे आहे. त्यांना उतरायची काहीच गरज नव्हती. सत्तरीला टेकलेली ती बाई तो चढ बोलत बोलत चढली असती. सपाट रस्त्यावर त्या सहज पंचवीसच्या वेगानं जाऊ शकत होत्या. माझ्याबरोबर चौदा-पंधरानं यायच्या. पैसे देणारी, वेळ देणारी माणसं मला आयुष्यात भेटली आहेत. पण आपल्या पायांत असलेला वेग दुसऱ्यासाठी आपणहून उतरवून ठेवणारं माणूस तोवर मी पाहिलं नव्हतं. ते एकदा-दोनदा करणं कुणालाही जमेल. त्यांनी ते ऋतूमागून ऋतू केलं, एकदाही घड्याळाकडे न बघता.

सावकाश चालवून काय होतं, हे मी मग वाचून काढलं, कारण ऑफिसातली मंडळी हसत होती आणि मला त्यांना उत्तर द्यायचं होतं. बोलता येईल इतक्या वेगानं बराच वेळ चालवलं, की काही आठवड्यांतच रक्तातला द्रव वाढतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर टाकू लागतं. त्याहून सावकाश, महिन्यामहिन्यांनी, स्नायूंतल्या केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, पेशींमधले मायटोकाँड्रिया वाढतात. हे मायटोकाँड्रिया म्हणजे ऑक्सिजन घेऊन अन्नाची ऊर्जा करणारे पेशीतले कण. 1967 साली अमेरिकेत जॉन हॉलोझी यांनी उंदरांना नेमानं पळवून दाखवून दिलं, की स्नायूंतल्या या कणांची ऑक्सिजन वापरायची ताकद दुपटीच्या घरात जाते. आणखी एक गोष्ट होते. शरीर चरबी जाळायला शिकतं. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर जेमतेम दोन हजार कॅलरींची. चरबी मात्र सडपातळ माणसाच्या अंगातही त्याच्या कितीतरी पट असते. जोरात चालवलं की साखर जळते आणि काही तासांत टाकी रिकामी. हळू चालवलं की चरबी जळते. लांबच्या वाटेला चरबीच पुरते.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण ऑकलंडच्या खाडीत दर सप्टेंबरात उतरतं. कुआका हा तपकिरी, लांब चोचीचा पक्षी अलास्काहून थेट न्यूझीलंडला येतो. मध्ये उतरत नाही, खात नाही, पाणी पीत नाही. 2007 साली शरीरात यंत्र बसवलेली एक मादी 11,680 किलोमीटर सलग उडून आली. निघण्याआधी हे पक्षी खाऊन खाऊन वजन जवळपास दुप्पट करतात, आणि ती भर बहुतेक चरबीची. गणपतीच्या दिवसांत मी आजींना मांगेरेच्या किनाऱ्यावर घेऊन गेले होते. खरं तर त्याच मला घेऊन गेल्या, मी फक्त मोदक नेले होते. चिखलात चोची खुपसून पक्षी खात होते, अजून हडकलेले. आजींनी मोदक तोंडात टाकला, सारण चावून पाहिलं आणि विचारलं की हे सायकलवर नेता येतं का. त्या दिवसापासून माझ्या जर्सीच्या मागच्या खिशात गूळ-शेंगदाण्याचे लाडू आले. आजींचं सँडविच मार्माइटचं. बांधाच्या टोकाला बाकावर बसून आम्ही अदलाबदल करायचो. मार्माइटशी माझी कधीच दोस्ती झाली नाही, पण लाडू त्यांना इतके आवडले की रेसिपी लिहून घेतली आणि वजनमापासकट फ्रिजवर लावली.

आणि सकाळची नाडी. उठल्या उठल्या, अंथरुणातून पाय खाली टाकायच्या आधी, दोन बोटं मनगटावर आणि डोळे घड्याळाच्या काट्यावर. माझ्या हातातल्या मोठ्या घड्याळात हे आपोआप दिसतं, पण त्यांना ते मान्य नव्हतं. बोटांना कळलं पाहिजे म्हणायच्या. स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसवून त्यांनी मला नाडी शोधायला शिकवलं. अंगठ्याच्या मुळाशी हाड लागतं, त्याच्या आत जरा खळगा, तिथे बोटं ठेवायची, दाबायचं नाही. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं. आकडा रोजच्यापेक्षा सात-आठनं वर गेला असेल तर आज सायकल नाही, आज चाला किंवा झोपा. सुरुवातीला माझी सकाळची नाडी बहात्तरच्या आसपास असायची. वर्षानं ती साठाखाली आली. माझ्या वडिलांची नाडी कुणी कधी मोजली असेल असं मला वाटत नाही.

हे सगळं तुम्हाला कुणी शिकवलं, असं मी एकदा विचारलं. त्यांनी टेकडीकडे हात केला आणि म्हणाल्या, आर्थरनं.

माउंट अल्बर्टच्या त्या टेकडीचं माओरी नाव ओवाइराका. तिच्या पायथ्याशी आर्थर लिडियर्ड राहायचे. बुटांच्या कारखान्यात काम, आणि जोडीला पहाटेच्या अंधारात घरोघर दूध टाकायचं. 1940 च्या दशकात जॅक डोलन नावाच्या, वयानं मोठ्या क्लबमित्रानं त्यांना पाच मैल पळायला नेलं. लिडियर्ड तरुण होते, रग्बी खेळलेले, स्वतःला तगडे समजणारे; त्या पाच मैलांनी त्यांना पुरतं लोळवलं. आत्ताच हे हाल, तर सत्तेचाळिसाव्या वर्षी आपलं काय होईल, असा विचार त्यांच्या मनात आला म्हणतात. मग त्यांनी पुढची कितीतरी वर्षं स्वतःच्याच अंगावर प्रयोग केले. आठवड्याला अगदी कमी पळून पाहिलं, अडीचशे मैल पळूनही पाहिलं. शेवटी या निष्कर्षाला आले, की कुठल्याही अंतराच्या पळणाऱ्यानं आधी महिनोन्‌महिने, आठवड्याला शंभर मैलांच्या हिशेबानं, दम न लागू देता पळावं. वेग नंतर. पाया पक्का असेल तर वेग थोड्या आठवड्यांत येतो; पाया नसेल तर आलेला वेग टिकत नाही. स्वतः पळून ते 1953 आणि 1955 साली न्यूझीलंडचे मॅरेथॉन विजेते झाले.

मग आळीतली पोरं त्यांच्याकडे येऊ लागली. कुठून शोधून आणलेली नाहीत, ओवाइराकाच्या आसपासची, नाहीतर कामाधंद्यासाठी ऑकलंडला आलेली. रविवारी 22 मैलांची फेरी, वाइटाकेरेच्या डोंगरातून, वाइआटारुआच्या चढावरून. 800 मीटर पळणाऱ्यानंही तीच फेरी मारायची. जगभरचे तज्ज्ञ तेव्हा छोट्या अंतरांच्या झपाट्याच्या फेऱ्यांवर भर देत होते. 2 सप्टेंबर 1960 या दिवशी रोमच्या ऑलिम्पिकमध्ये एका तासाच्या आत पीटर स्नेल 800 मीटर जिंकले आणि मरे हॅलबर्ग 5000 मीटर. हॅलबर्ग यांचा डावा हात रग्बीतल्या दुखापतीनं कायमचा लुळा होता. आठवडाभरानं बॅरी मगी मॅरेथॉनमध्ये तिसरे आले. चोवीस लाख वस्तीचा देश, आणि त्यातल्या एका उपनगरातल्या एका दूधवाल्याचे तिन्ही चेले. चार वर्षांनी टोकियोत स्नेल यांनी 800 आणि 1500 दोन्ही जिंकलं.

आजी त्या वेळी दहा वर्षांच्या. रविवारी सकाळी चर्चला जाताना ही पोरं रस्त्यानं गप्पा मारत पळताना दिसायची. गप्पा मारत, यावर त्या फार जोर द्यायच्या. ऑलिम्पिकला जाणारी माणसं आणि हसत-खिदळत पळताहेत, हे त्यांच्या वडिलांना पटायचं नाही.

आजींचे वडील पुढे याच दूधवाल्यामुळे वाचले, असं त्यांचं म्हणणं. ऑलिम्पिकनंतर लिडियर्ड यांनी जे केलं ते मला सुवर्णपदकांपेक्षा मोठं वाटतं. त्यांनी पोट सुटलेल्या, पन्नाशी-साठीच्या, हृदयविकारातून उठलेल्या माणसांना पळायला लावलं. त्या काळी झटका येऊन गेलेल्याला डॉक्टर आठवडेच्या आठवडे पलंगावर झोपवून ठेवत. 1962 साली ऑकलंडमध्ये जॉगर्स क्लब निघाला. नियम तोच: बोलता येईल इतकाच वेग. सराव करायचा, स्वतःला ताणायचं नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेचे नामांकित प्रशिक्षक बिल बॉवरमन इथे आले होते. वय एक्कावन्न. लिडियर्ड यांनी त्यांना या मंडळींबरोबर पळायला नेलं. सत्तरी ओलांडलेले, हृदयविकाराचे झटके सोसलेले एक गृहस्थ बॉवरमन यांच्यासोबत राहिले, त्यांना दम लागला तसा आपला वेग कमी करून गप्पा मारत त्यांना परत घेऊन आले. बॉवरमन यांनी घरी जाऊन एका हृदयरोगतज्ज्ञाबरोबर जॉगिंगवर पुस्तक लिहिलं आणि ते वेड अमेरिकाभर पसरलं. पुढे नायके कंपनी काढणाऱ्यांपैकी एक ते हेच. सगळ्या जगातल्या बागांमध्ये, आपल्या शिवाजी पार्कवर आणि नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर पहाटे जी माणसं मंद गतीनं पळत असतात, त्यांचा धागा मागे मागे नेला तर तो या शहरातल्या त्या म्हाताऱ्याच्या पायांशी येतो.

मी हे ऐकलं तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या गृहस्थांनी बॉवरमन यांच्यासाठी जे केलं, तेच आजी माझ्यासाठी करत होत्या. ही रीत होती इथली. लिडियर्ड यांना कुणी मोठ्यानं सोबत नेलं, त्यांनी पोरांना नेलं, मग आजारी माणसांना. वेळापत्रक पुस्तकात मिळतं. पण बोलत चालवायचं तर शेजारी कुणीतरी लागतं, आणि ते कुणीतरी आपल्याहून सशक्त असेल तर त्याला थांबावं लागतं. ही विद्या अशी थांबणाऱ्या माणसांनीच इथवर आणली.

मध्यमवयात सुरू करून उपयोग काय, हा प्रश्न मला ऑफिसात विचारला गेला, आणि नाशिकहून भावानंही विचारला. याचं उत्तरही स्नेल यांच्यापाशीच सापडलं. खेळ सोडल्यावर ते अमेरिकेत जाऊन शिकले, व्यायामशास्त्रात डॉक्टरेट घेतली आणि टेक्सासमध्ये डॅलसच्या वैद्यकीय विद्यापीठात संशोधक झाले. त्याच संस्थेत 1966 साली पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवण्याचा एक प्रयोग झाला होता. तीस वर्षांनी तीच पाच माणसं पुन्हा बोलावली. आता पन्नाशीची, सरासरी तेवीस किलोंनी जाडावलेली, अंगातली चरबी दुप्पट झालेली. तपासणीत निघालं, की तीन आठवड्यांच्या झोपण्यानं त्यांची ऑक्सिजन वापरायची क्षमता जितकी घसरली होती, तितकी तीस वर्षांच्या वयानंही घसरली नव्हती. मग त्यांना सहा महिने चालणं, हळू पळणं, सायकल यांचा साधा, हळूहळू वाढवत नेलेला सराव दिला. शेवटी शेवटी आठवड्याला साडेचार तासांच्या आसपास. वयानं जी क्षमता गेली होती ती शंभर टक्के परत आली. हृदयाच्या ठोक्यांचा वरचा आकडा वाढला नाही, तो वयाबरोबर गेला तो गेलाच. पण स्नायू रक्तातून ऑक्सिजन ओढून घ्यायला पुन्हा शिकले. 2001 साली छापल्या गेलेल्या त्या निबंधाच्या लेखकांत पीटर स्नेल यांचं नाव आहे. मी तो भावाला पाठवला. तो आता गंगापूर रोडनं धरणापर्यंत सायकल चालवतो. नाशकात त्याला सोबतीची वाण नाही. महाजन बंधूंनी, हितेंद्र आणि महेंद्र या दोघा डॉक्टरांनी, 2015 साली जोडीनं अमेरिका आडवी ओलांडणारी रॅम ही सायकलशर्यत पूर्ण केली तेव्हापासून त्या शहराला सायकलचं वेडच लागलं आहे.

टाउपोबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण तिथे सांगण्यासारखं फार घडलं नाही, आणि दीड वर्षाच्या पायाचा अर्थच तो. नोव्हेंबर 2019. पहाटे निघालो, पश्चिमेच्या डोंगराळ बाजूनं, कुराटाऊचा चढ, मग टुरांगी, मग सरोवराच्या काठाकाठानं परत. घाईनं पुढे गेलेली ऑफिसातली दोघं मला दुपारी भेटली, रस्त्याकडेला पाय पसरून बसलेली. त्यांना एकेक लाडू दिला. शेवटच्या टप्प्यात हॅटेपेचा चढ लागतो. एकशेतीसहून जास्त किलोमीटर पायांत असताना तो समोर उभा राहतो. मी सगळ्यात हलका गिअर टाकला आणि सतराचा पाढा सुरू केला. शेजारून जाणाऱ्या एका माणसानं विचारलं, कुठली प्रार्थना आहे ही? मी त्याला पूर्ण वाक्यात उत्तर दिलं. हे पूर्ण वाक्य माझं पदक. फाटकाशी आल्यावर आजींना तेवढंच सांगितलं. त्यांनी विचारलंही तेवढंच होतं.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी, 12 डिसेंबरला, पीटर स्नेल डॅलसमध्ये वारले. ऐंशी वर्षांचे होते. लिडियर्डही टेक्सासमध्येच गेले होते, 2004 च्या डिसेंबरात, सत्याऐंशीव्या वर्षी, व्याख्यानांच्या दौऱ्यावर असताना. आजींना बातमी रेडिओवर कळली. त्या कुंपणाशी आल्या, रडल्या नाहीत, पण बराच वेळ फाटकाचा कडीकोयंडा उघडझाप करत राहिल्या. मग म्हणाल्या, जानेवारीत वाइआटारुआ करू या.

तोवर त्यांचा गुडघा दुखायला लागला होता आणि मुलीनं त्यांना विजेची सायकल घेऊन दिली होती. उन्हाळ्यातल्या एका रविवारी आम्ही ओवाइराकाहून निघालो, टीटिरांगीला चहा घेतला आणि सीनिक ड्राइव्हला लागलो. दोन्ही बाजूंना पोंगा या झाडाएवढ्या नेच्यांच्या छत्र्या, मधूनच उजवीकडे खाली अख्खं ऑकलंड, स्काय टॉवर काडीएवढा. चढ लांबलचक, वळणावळणाचा. माझ्या मनात आलं, आज तरी त्या पुढे जातील. मोटर होती, नुसतं बटण दाबलं असतं तर पाच मिनिटांत दिसेनाशा झाल्या असत्या. मी बघितलं, त्यांनी मदतीचा आकडा अगदी खालच्या घरावर ठेवला होता आणि गुडघा सांभाळत, माझ्या चाकाला चाक लावून, त्या येत होत्या. आणि बोलत होत्या. एवढी वर्षं मोजकं बोलणारी ती बाई त्या चढावर वडिलांबद्दल बोलली, टपालाच्या थैलीत सापडलेल्या मांजराच्या पिल्लाबद्दल बोलली, नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोलली. मग म्हणाल्या, आता तू सांग, तुझे वडील कसे होते?

मी सांगितलं. प्रेसचा भोंगा, सायकलच्या नळीवर माझ्यासाठी बसवलेली छोटी सीट, उतारावर ते शीळ घालायचे ती शीळ. वाइआटारुआची दुकानं आली तरी माझं संपलं नव्हतं, आणि श्वास एकदाही तुटला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्यांचा मेसेज आला: किती? मी अंथरुणातूनच छप्पन्न असं कळवलं. लगेच उत्तर आलं, मग झोपून राहू नकोस, साडेआठला बांधावर ये, त्या शिळेचं अर्धवट राहिलं आहे.